शेवटच्या सहा नोंदी

जरिना शिकलगारला कॉलेजात सगळे मॅडम म्हणत, पण ती शिकवायला नव्हती. सांगलीतल्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं सहायक होती. मुलं यायच्या आत लोलक टांगून ठेवायचे, भिंगं पुसायची, तुटलेल्या तारा जोडायच्या, आणि वहीत कुणी मनचं रीडिंग लिहिलं असेल तर ते ओळखायचं, हे तिचं काम. मनचं रीडिंग फार गुळगुळीत असतं, असं ती म्हणे. खऱ्या मोजमापाला थोडी कुसळं असतातच.

तिचं माहेर म्हसवडचं. वडील बशीरभाई धार लावायचं काम करत. ऊसतोडीचे कोयते, न्हाव्यांचे वस्तरे, शिंप्यांच्या कात्र्या, सगळं त्यांच्या सहाणेवरून जायचं. सासरही शिकलगारांचंच, म्हणून लग्नानंतर आडनाव बदलायची वेळ आली नाही. नवरा फारूक, त्याचं मिरज रस्त्याला विजेच्या मोटारींच्या तारा नव्यानं गुंडाळायचं, रिवाइंडिंगचं दुकान. कराडला बी.एस्सी. झाल्यावर तिला पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं, मग मुलगी झाली, आणि ते राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे.

बारा वर्षांपूर्वी कॉलेजच्या ग्रंथालयात तिला दुर्बिणीचा आरसा घरी कसा घासावा याचं एक जुनं पुस्तक सापडलं. दिवाळीच्या सुटीत ती काचेच्या दोन जाड चकत्या आणि कुरुंदाची पूड पिशवीत घालून एस.टी.नं विटा, आटपाडी करत म्हसवडला गेली आणि वडिलांपुढं ते सगळं मांडलं. बशीरभाईंनी चकती उलटीसुलटी करून पाहिली. काच काचेवर घासून खोलवा काढायचा, आणि तोही केसाच्या हजाराव्या भागाइतका नेमका, हे ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "घाई हाय का?" घाई नव्हती. चार महिने ते रोज सकाळी तासभर घासत राहिले आणि दर रविवारी जरिना येऊन तपासत राहिली. कुठं उंचवटा राहिलाय हे तिच्या कसोटीत दिसायच्या आधीच त्यांच्या हाताला कळलेलं असे.

त्या आरशाची दुर्बीण झाली. म्हसवडच्या बाहेर, वडिलांच्या घराच्या गच्चीवर, फारूकनं पत्र्याची एक खोली उभी केली आणि तिचं छप्पर चाकांवर बसवलं, म्हणजे ओढलं की आभाळ उघडं. माण तालुक्यात पाऊस रुसलेला असतो हे खरं, पण दुर्बिणीला तेच मानवतं. पुढं पुण्यातल्या एका संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञ राजनंदिनी घोरपडे यांच्याशी ओळख झाली. त्यांनी संस्थेतला एक जुना कॅमेरा वापरायला दिला. फारूकनं मोटारी जोडल्या, इंटरनेट आलं, आणि जरिना सांगलीतल्या आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावरून म्हसवडची दुर्बीण फिरवू लागली. एवढंच की, छप्पर ओढायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बशीरभाई.

राजनंदिनींना तिच्याकडून एक विशिष्ट काम हवं होतं. दूर कुठंतरी, पृथ्वी जन्माला यायच्याही आधी, एखादा भला मोठा तारा कोसळतो आणि त्यातून गॅमा किरणांचा झोत सुटतो. तो काही सेकंदच टिकतो, आणि इथवर पोचायला त्याला अब्जावधी वर्षं लागतात. उपग्रहाला तो दिसतो आणि उपग्रह लगेच जगभर निरोप धाडतो की अमुक दिशेला पाहा. त्या झोताच्या मागे एक उजेड राहतो, तो साध्या दुर्बिणीतही कधीकधी सापडतो, पण तासातासाला विझत जातो. तो कसा विझला यावरून तिथं काय घडलं ते कळतं. मोठ्या दुर्बिणी जगात थोड्या, आणि जिथं त्या आहेत तिथं नेमका दिवस असतो किंवा ढग. म्हणून जिथं कुठं अंधार असेल तिथल्या माणसानं मोजावं आणि सगळ्यांना कळवावं, अशी रीत आहे. जरिनानं सहा वर्षांत अशा एकवीस निरोपांवर दुर्बीण फिरवली होती. चार वेळा तिला तो मागचा उजेड सापडला होता.

गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी सव्वापाचला निरोप आला. ती तेव्हा प्रयोगशाळेला कुलूप लावत होती. रिक्षातूनच तिनं म्हसवडला फोन केला, आणि अंधार पडेपर्यंत बशीरभाईंनी छप्पर ओढून ठेवलं. सात वाजून वीस मिनिटांनी पहिलं चित्र आलं. एका ठळक ताऱ्याच्या जवळ, नकाशात जिथं काहीच नव्हतं तिथं, एक ठिपका होता. ती मोजत गेली. दहा दहा मिनिटांची एकेक नोंद. पहिल्या अकरा नोंदींत उजेड पायरीपायरीनं उतरत गेला. मग तो उतरायचा थांबला. पुढच्या सहाही नोंदी जवळजवळ सारख्याच आल्या. तिनं फारूकला हाक मारून दाखवलं. त्याला त्यातलं फार कळत नसे, पण तो भाकरीचा हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला.

सतरा नोंदी तिनं रीतसर जगभर कळवल्या. त्या वेळी चीन-जपानकडं ढग होते आणि युरोपात ऊन. तेवढ्या तीन तासांत आकाशाच्या त्या तुकड्याकडं म्हसवडवाचून कुणीच पाहिलं नव्हतं. नंतर स्पेनकडच्या एका मोठ्या दुर्बिणीनं पाहिलं तेव्हा उजेड एकदम ढासळलेला होता. म्हणजे तो विझता विझता थांबला, काही काळ तग धरून राहिला, आणि मग कोसळला. राजनंदिनींनी दुसऱ्या दिवशी फोनवर समजावून सांगितलं की असं फार क्वचित दिसतं. तारा मेल्यावरही त्याच्या पोटात काहीतरी धडधडत होतं आणि बाहेर ऊर्जा ढकलत होतं, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि लेखकांच्या यादीत जरिनाचं नाव घातलं.

ही बातमी सांगलीत पसरली. पेपरात ‘मेलेल्या ताऱ्याची धडधड ऐकणारी सांगलीची लेक’ असा मथळा आला. प्राचार्यांनी सत्काराची तारीख ठरवली. म्हसवडला बशीरभाईंनी सिद्धनाथाच्या देवळापासून बाजारापर्यंत भेटेल त्याला सांगितलं की आमच्या गच्चीवरनं ते दिसलं. जरिनाही त्या दिवसांत जरा ताठ चालत होती. एम.एस्सी. झालेले प्राध्यापक तिच्या टेबलाशी येऊन विचारत आणि ती समजावून सांगे. इतक्या वर्षांत असं प्रथमच होत होतं.

महिनाभरानं, म्हणजे मागचा उजेड पुरता विझून गेल्यावर, तिनं आकाशाच्या त्याच तुकड्याचं पुन्हा एक चित्र घेतलं. तशी तिची सवय होती. घर सोडताना मागं वळून गॅस बघावा तशी. ठिपका असायला नको होता. पण होता.

तिनं तो ठिपका मोजला. शेवटच्या सहा नोंदींइतकाच भरला. तिथं एक अगदी फिकट तारा होता. जुन्या नकाशात तो शेजारच्या ठळक ताऱ्याच्या झगझगाटात बुडून गेला होता, आणि तिच्या लहान दुर्बिणीत तो नि मागचा उजेड मिळून एकच ठिपका दिसला होता. म्हणजे उजेड थांबला नव्हताच. तो विझत विझत खाली गेला होता, आणि ती हा फिकट तारा मोजत बसली होती. शेवटच्या सहाही नोंदींत.

फारूक दुकानातून आला तेव्हा चहा गार झालेला होता. तिनं त्याला सांगितलं. निबंध दोन दिवसांनी धाडायचा होता आणि शनिवारी सत्कार होता. फारूकनं विचारलं की हे आणखी कुणाच्या लक्षात येईल का. ती म्हणाली, कदाचित येईल, कदाचित कधीच येणार नाही. मोठ्या दुर्बिणीच्या चित्रात तो तारा वेगळा दिसत असणार, पण तिकडं कुणी बघितलेलं नाही. थोड्या वेळानं त्यानं नवा चहा ठेवला.

राग तिला ताऱ्याचा नव्हता. त्या रात्री सहा नोंदी सारख्या आल्या तेव्हा त्या किती गुळगुळीत आहेत हे तिला दिसलं होतं, आणि तरी ती थांबली नव्हती. मुलांच्या वह्यांत जे तिला लांबून दिसे ते स्वतःच्या आकड्यांत बघायचं तिनं टाळलं होतं. कारण तिला ते हवं होतं. हे तिनं फारूकलाही सांगितलं नाही.

तिनं राजनंदिनींना फोन लावला. ठिपका अजून तिथंच असल्याचं कळवलं. त्यांनी फक्त चित्र पाठवायला सांगितलं. दोन तासांनी त्यांचा फोन आला.

"बरोबर आहे तुमचं, जरिनाताई. थांबलेला नाही तो."

"तुमची महिनाभराची मेहनत गेली."

"गेली," राजनंदिनी म्हणाल्या. त्यांनी धीर द्यायचा प्रयत्न केला नाही, आणि जरिनाला ते बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "दुरुस्तीचं पत्रक काढावं लागेल. संस्थेच्या नावानं काढू का?"

"नको. नोंदी माझ्या नावानं गेल्यात, दुरुस्तीपण माझ्याच नावानं जाऊ दे."

चार ओळींचं पत्रक लिहायला तिला अर्धा दिवस लागला. पहिल्या अकरा नोंदी त्या ताऱ्याचा उजेड वजा करून ग्राह्य आहेत, शेवटच्या सहा मागे घेतल्या आहेत, कारण अमुक. ते जगभर गेलं.

वडिलांना सांगणं त्याहून अवघड होतं. फोनवर बशीरभाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे ते जे टिकून हुतं म्हनत हुतीस, ते न्हवतंच?"

"न्हवतं, अब्बा. शेजारचा तारा हुता."

"आन् मी सगळ्या बाजारात सांगून बसलोय."

मग त्यांनी उसासा टाकला. "असू दे. ज्याला सांगितलं त्याला परत सांगायचं. बाजार दर आठवड्याला भरतोय की."

सत्कार रद्द करा, असं तिनं प्राचार्यांना सांगून पाहिलं. पण बॅनर छापून झाला होता, पाहुणे कळवले होते. शनिवारी शाल अंगावर घेऊन ती माइकपुढं उभी राहिली आणि पेपरात आलं ते चुकीचं आहे, ती चूक माझी आहे, असं तिनं सरळ सांगितलं. सभागृहात काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती विनयानं बोलतेय असं वाटलं असावं. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला, खाली शालीचा उल्लेख होता, तिनं कबूल केलेल्या चुकीचा मात्र नव्हता. ती ते कात्रण घरी घेऊन गेली नाही.

निबंध शेवटी आला, पण वेगळा. अकरा नोंदी आणि स्पेनकडचं मोजमाप जोडल्यावर दिसलं ते असं की उजेड सुरुवातीला सावकाश आणि मग एका वळणानंतर भराभर विझला होता. ते वळण नेमकं म्हसवडच्या त्या अकरा नोंदींनंतर येत होतं, त्यामुळं झोत किती अरुंद असावा याचा अंदाज बांधता आला. असे अंदाज याआधीही पुष्कळ बांधले गेले होते. कुणी त्याचा मथळा केला नाही. जरिनाचं नाव यादीत सातवं होतं. तिनं निबंध दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी फक्त तक्ता वाचला, आकडे एकेक करून.

कॉलेजात काही दिवस कुजबुज झाली, दोन प्राध्यापक तिच्या टेबलाशी यायचे थांबले. एक जण मात्र पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन आला आणि त्यानं त्या रात्रीचं नि महिनाभरानंतरचं अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवायला सांगितलं. तिनं ती दाखवली. कुठला ठिपका कुठला, हे मुलांना ओळखता येईना, तेव्हा तिला थोडं हसू आलं.

पावसाळ्यात दुर्बीण झाकलेली असते. ऑक्टोबरात बशीरभाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली होती, पण छप्पर ओढणं म्हणजे वजन उचलणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्याच महिन्यात एका संध्याकाळी निरोप आला. त्यांनी छप्पर ओढलं, जरिनानं सांगलीतून दीड तास चित्रं घेतली, ती एकावर एक रचली, या वेळी आधी नवा नकाशा मागवून ताडून पाहिलं. काहीच नव्हतं.

"काय गावलं का?" बशीरभाईंनी फोनवर विचारलं.

"न्हाई, अब्बा. घ्या झाकून. मी कळवून टाकते."

"दिसलं न्हाई, हेबी कळवायचं?"

"व्हय. कुनीतरी बघितलं आन् तवा तितं काय नव्हतं, हे लोकांस्नी कळाया पायजे."

फोन बशीरभाईंनी खिशात तसाच चालू ठेवला असावा, कारण छपराची चाकं रुळावरून कुरकुरत गेल्याचा आवाज तिला सांगलीत ऐकू आला. मग तिनं पत्रक लिहायला घेतलं. दिसलं नाही एवढं लिहून भागणार नव्हतं. किती फिकट असतं तरीही दिसलं असतं, तो आकडा द्यायचा होता. तो तिनं तीनदा काढला, आणि तिन्ही वेळा थोडा थोडा वेगळा आला.