पायाखालची कोकरं

तीस-बत्तीस सालचं असेल. सोलापूरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. मैंदर्गीकडचा एक म्हातारा धनगर बांधावरून पडून नडगी मोडून आला. दोन महिने पाय फळीला बांधून ठेवला. मग डॉक्टर म्हणाले, "आता कुबड्यांवर चालवा. पाय टेकू दे, पण भार बेताचाच. हाड अजून कच्चं आहे. वाकलं तर जन्माचा लंगडा." लंगड्याने दिवसभर मेंढरांमागे चालायचं कसं? म्हातारा या एका शब्दानेच धास्तावला.

त्याला चालवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी पडले तापट. "बेताने" म्हटलं की तो पाय अधांतरीच धरी. "टेका" म्हटलं की धपकन सगळा भार टाकी. शेवटी मी कोठीतला धान्याचा मोठा तराजू आणवला. एका पारड्यात दहा शेरांची वजनं, दुसऱ्यात त्याचं पाऊल. वजनं हलली की दाबणं थांबवायचं. तराजूवर गडी अगदी बरोबर! जमिनीवर दोन पावलं टाकली की पुन्हा धपकन.

"बाबा, पाय तुमचा आहे की माझा?" एकदा मी सगळ्यांदेखत ओरडले. त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं, पण बोलून तर बसले होते.

त्याची बायको खाटेशी भाकरीचं फडकं सोडत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "अवं, कळपात बारकी कोकरं बसल्याती असं समजा की. तवा पाय कसा टाकता?"

म्हातारा थबकला. मग त्याने पाऊल टाकलं ते चाचपत, खाली काही मऊ तर नाही ना, असं. पायावर भार बेताचाच, बाकीचा कुबड्यांवर. तसाच तो दारापर्यंत गेला आणि परत आला. जन्म मेंढरांत गेलेल्या त्या पायांना मी तराजू शिकवत होते! मला माझीच लाज वाटली. तराजू त्याच दिवशी कोठीत परत गेला.

पुढे हाड जुळलं, कुबड्या सुटल्या, म्हातारा घरी गेला.

दिवाळीनंतर एकदा मी दवाखान्याच्या फाटकात उभी होते. रस्त्याने मेंढरं चालली होती आणि मागे तो, खांद्यावर कोकरू घेऊन.

"बाई, बरं हाय न्हवं?" म्हणत तो पुढे निघून गेला. मी वळणापर्यंत त्याच्या पावलांकडे पाहत राहिले. मोडलेला पाय कोणता, ते काही केल्या मला ओळखता येईना.