कॅलेंडरवरचे कुंकवाचे ठिपके

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या घरी मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर घेतलं... डॉक्टर मॅडमनी तारखा मागितल्या होत्या.

पाच महिन्यांत माझ्या बायकोचं, सुनंदाचं, उजवं फुफ्फुस तीनदा मिटलं. छातीत हवा भरायची, खांद्यात कळ यायची, श्वास अर्ध्यावर अडायचा. कुणी दमा म्हणालं, कुणी टीबी. थुंकीत काही निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू करायचं चाललं होतं... आणि ती तिसऱ्यांदा छातीत नळी घालून वॉर्डात पडलेली.

तीनही तारखा सापडल्या. प्रत्येकीच्या आदल्या दिवशी, किंवा त्याच दिवशी, चौकोनात एक कुंकवाचा ठिपका...

ते ठिपके माझेच. तिच्या चार दिवसांत देवपूजा मी करतो. पहिल्या दिवशी देवांना कुंकू वाहिलं की बोटाला उरलेलं कॅलेंडरवर टेकवायचं, म्हणजे पाचवा दिवस चुकत नाही. गावी वडील असंच करायचे.

पण हे सांगायचं कसं? एकवीस वर्षांच्या संसारात मी हा विषय तिच्याशीसुद्धा नावानं बोललो नव्हतो. रिक्षात बसताना वाटलं, कॅलेंडर घरीच ठेवावं...

वॉर्डात मॅडमपुढे ते उलगडलं. त्यांनी विचारलं, "काकाजी, ये लाल निशान काहे के?" सुनंदा नळीसकट उठायला बघत होती. "अहो, आता सगळ्या वॉर्डाला दाखवा!"

मी फरशीकडे बघत सांगून टाकलं.

मॅडम एकेका महिन्यावर बोट ठेवत गेल्या. मग तिला म्हणाल्या, "आंटी, हर बार इन्हीं दिनों में? बताया क्यों नहीं?"

"किसी ने पूछा ही नहीं, बेटा."

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर कधी कधी छातीतही रुजतो, पाळीबरोबर तोही स्रवतो, असं त्यांनी समजावलं. नाव एंडोमेट्रिओसिस. पण खात्री दुर्बिणीनं बघितल्यावरच होणार होती. ऑपरेशन थिएटरबाहेर मी तीन तास नामस्मरण करत बसलो... माळ दोनदा हातातून पडली.

फुफ्फुसाखालच्या पडद्यावर तपकिरी डाग आणि बारीक छिद्रं निघाली. छिद्रं शिवली, तुकडा तपासायला गेला. परवा रिपोर्ट आला... तेच होतं. टीबी नव्हता. पाळी थांबवण्याची औषधं सुरू झाली आहेत.

काल तिला घरी आणलं. वर्षानुवर्षं मी दिवस न चुकता मोजले, पण त्या दिवसांत तिला काय होतं, ते कधी विचारलं नाही.

आज सकाळी पूजा मीच केली. ती शेजारी खुर्चीवर बसून एकेक फूल हातात देत होती. बोटाला कुंकू उरलं, सवयीनं हात कॅलेंडरकडे गेला... मग वळून तिच्या कपाळाला लावलं. म्हटलं, "दुखतंय का गं?"

"विचारलंत एकदाचं," ती म्हणाली... आणि पूर्ण श्वास घेतला.