घागर, फडा आणि बिघडलेला उपग्रह

बिघडलेला उपग्रह अवकाशात मुकाट पडून राहत नाही, गरगर फिरतो. थेट पकडायला जावं तर पकडणाराही फिरतो. म्हणून आधी ब्रशसारखं काहीतरी हलकेच घासून गिरकी कमी करायची आणि मग धरायचं, असा एक उपाय शास्त्रज्ञांनी सुचवला आहे.

मी शिकवते त्या नववीतल्या, तलमडुगु गावाहून येणाऱ्या एका मुलीला तो पटला. तिनं वाळूनं भरलेली घागर छताला टांगली, दोराला पीळ दिला, खाली पकडणाऱ्यासाठी फिरती खुर्ची ठेवली. ब्रश म्हणून घरचा फडा, म्हणजे केरसुणी, आणला. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनातून हैदराबादला एकच प्रयोग जाणार होता. तो आपलाच असावा म्हणून ती तीन आठवडे खपत होती.

प्रदर्शनाच्या सकाळी हेडमास्तर म्हणाले, "बाई, सरस्वतीच्या फोटोजवळ फडा? काऊन, बाजारात ब्रश भेटला नाही?"

"ब्रशनं थांबत नाही, सर. आमी करून पाह्यलं," मुलगी म्हणाली.

मी म्हटलं, "लक्ष्मीपूजनाला आपण फडाच पुजतो, सर."

न्यूटनपेक्षा हे त्यांना लवकर पटलं. कोरा फडा आणवला, त्याला हळदकुंकू लावलं. मग म्हणाले, "आता ही लक्ष्मी. घागरीले घासू नका, नुसती ठेवा."

मुलीचं तोंड उतरलं. फडा नाही तर प्रयोगच नाही.

तेवढ्यात परीक्षक साहेब आले. "इसमें क्या है, हाथ से पकड़ लो," म्हणत खुर्चीत बसले, पाय उचलले आणि डोक्यावरची फिरती घागर दोन्ही हातांनी धरली. घागर थांबली नाही. साहेबच फिरू लागले, पण प्रतिष्ठेपायी हात सोडेनात. हेडमास्तर "सर, सर" करत त्यांच्याभोवती फिरत राहिले.

मुलीनं तोच हळदकुंकवाचा फडा उचलला. "सर, घागर को लगाऊं या आपको?"

"मटके को, अम्मा," साहेब पाठमोरे होता होता म्हणाले. "मटके को."

तिनं घागरीला फडा टेकवला. घागर मंदावली, साहेबही मंदावले. मग तिनं घागर धरली आणि मी साहेबांना. हा धडा इतका स्वच्छ मला फळ्यावर कधी शिकवता आला नव्हता.

प्रयोग निवडला गेला. शेरा होता: फड्याऐवजी योग्य उपकरण वापरावे. आम्ही हैदराबादला फडाच नेला. तक्त्यावर मात्र 'मृदुस्पर्श गतिरोधक' असं लिहिलं. हळदकुंकू पुसलं नाही.