काहूनभाऊंचा वस्तरा

खापरखेड्याच्या वसाहतीत नागसेन मेश्रामांना नावानं कोणी हाक मारत नाही. वीज केंद्रात तीस वर्षं फिटर, आणि कुठलंही यंत्र उघडलं की तोंडातून पहिला शब्द 'काहून?', म्हणजे 'का?'. म्हणून सगळ्यांचे ते काहूनभाऊ.

यंदा घर रंगवायला काढलं, तेव्हा जुन्या पेटीच्या तळाशी लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेला एक वस्तरा निघाला. वडील धोंडबा केंद्रातच कोळशावर कामाला होते, दाढी वसाहतीतल्या सलूनमध्ये करायचे. घरात न्हाव्याचं काम कोणी केलेलं नाही. मग वस्तरा काहून? सत्त्याऐंशीच्या मायला, बायजाबाईला, विचारलं तर "होता असाच" म्हणून तिनं तोंड फिरवलं.

वस्तू वापरल्याशिवाय कळत नाही, असं काहूनभाऊंचं मत. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, खिडकीला चामड्याचा पट्टा बांधून वस्तरा घासला, गालभर फेस माखला. पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापलं, दुसऱ्या दिवशी पाच. हौसेला मोल नाही म्हणतात, यांच्या हौसेला तुरटी मात्र बरीच लागली. शेवटी बायको, माया, म्हणाली, "आता एक थेंब जरी रक्त दिसलं, तर हा भंगारवाल्याले देऊन टाकीन." ती बोलेल ते करणारी बाई. काहूनभाऊ खरंच घाबरले. वस्तरा गेला असता तर प्रश्न तसाच राहिला असता.

रविवारी सकाळी ते अंगणात आरसा टेकवून बसले. हनुवटीपाशी पुन्हा लाल रेघ उमटली. माया उठलीच, तेवढ्यात बाजेवरून माय बोलली.

"काहून चिरून राहिला गा तोंड? कातडी तं ताणलीच नाही तू."

"माय, तुले काय माहीत?"

म्हातारी बाजेवर उठून बसली. "गावचा न्हावी म्हशी भादरत होता, पण आपल्याले हात लावत नव्हता. मंग तुह्या बाबानं कामठीच्या बाजारातून हा वस्तरा आणला. दर इतवारले सारी वस्ती त्यायच्यापुढे बसत होती. मंग इथं नोकरीवर आलो. सलूनवाल्यानं काही न विचारता त्यायची दाढी केली, तं घरी येऊन रडले. त्याच दिवशी हा गुंडाळून ठेवला."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तुले कोणत्या न्हाव्यानं परत पाठवलं होतं?"

काहूनभाऊंच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. "सारी वस्ती बाबांपुढे बसे. मग बाबांची दाढी कोण करत होतं?"

"मी," म्हातारी म्हणाली, आणि बाजेवरून उतरली. "आण इकडे."

मायानं आरसा बाजूला ठेवला. म्हातारीनं अंगठ्यानं लेकाच्या गालाची कातडी वर ताणली. चहा पिताना तिचा हात रोज कापतो, मघाशीही अर्धी बशी सांडली होती. आता हात कापला नाही, आणि गालही कापला नाही. काहूनभाऊ डोळे मिटून बसले होते. विचारण्यासारखं त्यांना काहीच सुचलं नाही.