दगडामागची चपाती
शाडूच्या ओल्या मातीचा वास आला की रहाटणीतला आमचा संडे स्कूलचा वर्ग आठवतो. एका वर्षी गुड फ्रायडेला मुलांनी पुठ्ठ्यावर त्या मातीची येशूची कबर केली, तोंडाशी गोल दगड लावला. रविवारी दगड सरकवायचा आणि आत कुणी नाही, प्रभू उठला, एवढंच मला शिकवायचं होतं. एका पाच वर्षांच्या मुलीने मात्र आत चपातीचा तुकडा ठेवला. म्हणाली, "टीचर, उठल्यावर भूक लागते. पप्पा नाइट शिफ्ट करून झोपतात ना, त्यांना पण लागते." मला तो काढवेना. रविवारी तिने दगड सरकवला, तर आत काहीच नव्हतं. "खाऊन गेला!" ती आनंदाने ओरडली. टेबलावरची मुंग्यांची रांग मी पटकन ओढणीने झाकली. तिला मुंग्यांचं अजून सांगितलेलं नाही. आता ती कॉलेजात जाते; यंदा लहानांचा वर्ग तीच घेतेय, आणि डब्यात एक चपाती जास्तीची आणते.