एका गाण्याचे दोन बँड

आमच्या शहरातून एकच बँड देशभर गाजला, आणि त्यात मी नव्हते. त्याच्या आधीच्या बँडमध्ये मात्र होते. त्यामुळं "ते एवढे मोठे झाले, मग तुम्ही का नाही?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात आरसा घालून विचारलेला आहे. मी नशिबावर ढकलेन असं लोकांना वाटतं. मी तसं करत नाही. मला उत्तर माहीत आहे, कारण ते ज्या दुपारी ठरलं तेव्हा मी गळ्यात बेस गिटार अडकवून तिथंच उभी होते.

आम्ही चौघं होतो. गिटारवाला आणि मी इंजिनिअरिंगला एका वर्गात. आमच्या दोघांच्याही घरी आजोबांपर्यंत पूजा सांगणं आणि कारकुनी, वडिलांपासून बँक आणि पेन्शन. गायक विद्यापीठात मराठीत एम. ए. करत होता. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्याचं गाव. घर बौद्ध, मामा जलशात गाणारा, त्यामुळं हजार माणसांपुढं उभं राहायची भीती त्याला ठाऊकच नव्हती. ड्रमर आमच्याहून मोठा, जुन्या शहरातला, लग्नाच्या बँडमध्ये वाजवून घर चालवणारा. त्याला आम्ही भाई म्हणायचो.

पोस्ट-पंक म्हणजे काय हे मला आईपासून सगळ्यांना समजावून सांगावं लागलं. पंक म्हणजे दोन-तीन सूर आणि संतापानं ओरडणं. ओरडून घसा बसल्यावर त्या पोरांनी जे केलं ते पोस्ट-पंक: कोरडे ड्रम, गिटारच्याही पुढं आलेला बेस, आणि गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचा आवाज. गिटारवाल्याच्या मावसभावानं परदेशातून येताना एक हार्ड डिस्क आणली होती, तीत हे सगळं भरलेलं. त्यातल्या काही बँडची नावं छापलेले टी-शर्ट गुलमंडीच्या बाजारात ढिगानं मिळायचे. ते घालणाऱ्यांना तो बँड आहे हेही माहीत नसायचं. आणि त्याच डिस्कवर तितकेच चांगले, माझ्या मते जास्त चांगले, असे बँड होते ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ऐकलं नसेल. हे असं का, यावर गिटारवाला आणि मी तासन् तास भांडायचो. तो म्हणायचा यामागं काहीतरी नियम आहे. मी म्हणायचे, बकवास.

ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि शहर मात्र वाढतच चाललेलं. बीड बायपासच्या पलीकडं भाईच्या चुलत्याचं पत्र्याचं शेड होतं, मांडवाचं सामान ठेवायचं. कनातींच्या गठ्ठ्यांमुळं आवाज घुमत नसे. आम्ही तिथं वाजवायचो. चहूबाजूंना मोकळं रान, प्लॉटच्या हद्दीचे पांढरे दगड, आणि धूळ उडवत जाणारे टँकर.

गाणं त्या टँकरचंच झालं. गायकानं ते एका दुपारी येऊन सरळ म्हणून दाखवलं. गावात टँकर विहिरीत पाणी सोडायचा. तो यायच्या आधी बायका हंडे रांगेत लावून स्वतः सावलीला बसायच्या. "हंडे उन्हात उभे, माणसं सावलीत, नंबर हंड्याचा," अशी त्याची सुरुवात होती. मग एकेका हंड्याचं वर्णन: कुणाचा पोचा आलेला, कुणाच्या लग्नातला, कुणाचा गळका आणि तरी रांगेत. सगळं बोलल्यासारखं. माझा बेस एकाच सुरावर चालत राहायचा. शेवटी वाद्यं थांबायची, तो विचारायचा, "आला का?" आणि स्वतःच खालच्या आवाजात सांगायचा, "नाय."

गाणं लांबलचक होतं. पहिल्यांदा ते आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं. संपल्यावर सभागृहात एवढी शांतता पसरली की आम्ही चौघंही घाबरलो. मग टाळ्या आल्या, पण बिचकत, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. बाहेर येऊन भाई म्हणाला, "गाना अच्छा है रे, पर ताली किदर बजाना, पब्लिक कू समझताच नई."

त्याच आठवड्यात ती दुपार आली. गिटारवाला शेडमध्ये आला आणि बसायच्या आत म्हणाला, "मी ते गाणं कापलंय. ऐका."

त्यानं सगळे हंडे काढून दोनच ठेवले होते. वेग वाढवला होता. आणि शेवटचा प्रश्न उचलून मध्ये आणला होता, परत परत. "आला का?" त्यानं विचारलं, आणि आमच्याकडं हात केला. भाईच्या तोंडून आपोआप निघालं, "नाय!" पुन्हा "आला का?" आणि या वेळी मीही ओरडले. अंगावर काटा आला, हे आजही कबूल करते.

गायक कनातीच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "भारी झालंय. पर हे माझं नाय."

"का? शब्द तुझेच आहेत."

"माझी माय एकदाच विचारती. दिवसभर बसती अन् शेवटी एकदा विचारती. तू तिला नाचायला लावलंस."

गिटारवाला चिडला नाही. तो समोर जाऊन बसला. "हे बघ, तुझं गाणं ऐकताना मी गप्प होतो. माझ्यासाठी त्यात काही कामच नाही. तू विचारतोस, तूच सांगतोस. मी काय करू? ऐकणाऱ्याला काहीतरी करायला दिलं, तर तो ते घरी घेऊन जातो."

"अन् गप बसणं हे काम नाय व्हय?"

"आहे. पण ते फार थोड्यांना जमतं."

मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचं एकदम खरं असू शकतं हेही मला त्याच दिवशी कळलं. आम्ही गाणं दोन्ही प्रकारांनी बसवलं. पण एका बँडला एकच तोंडवळा लागतो. जिथं कापलेलं वाजवायचो तिथं गायक नाराज, जिथं लांबलचक वाजवायचो तिथं गिटारवाला घड्याळ बघणारा.

निकाल लागायला शहरानं मदत केली. शेडच्या शेजारी इमारती उठल्या, त्यांत माणसं राहायला आली. एक आजीबाई रोज संध्याकाळी येऊन भाईला विचारायच्या, "बाबा, लग्न कुणाचं आहे? संपतच नाही ते!" नंतर चुलत्यानं शेडसकट जागाच बिल्डरला दिली. शहरात दुसरी जागा मिळेना. घरी ड्रम वाजवता येत नाहीत आणि हॉल मिळायचे ते बारशाला आणि साखरपुड्याला. पुण्यात तासावर भाड्यानं मिळणाऱ्या, भिंतींना फोम लावलेल्या खोल्या होत्या. गिटारवाल्याला तिथं नोकरी लागली.

त्यानं आम्हा तिघांनाही चला म्हटलं. भाईचं घर हातावरच्या पोटाचं, त्याला लग्नसराई सोडून जाणं शक्य नव्हतं. गायकाला गावाजवळच्या शाळेत जागा मिळत होती, आणि त्याचं म्हणणं होतं की तो ज्यांच्याबद्दल गातो ते इथं आहेत. मला कुणी अडवलं नाही. वडील तर म्हणाले, "जा की, वर्षभर बघ." मी नाही गेले. मला वाजवायला आवडतं, पण दर आठवड्याला नव्या गावात नव्या माणसांना तेच वाजवून दाखवायला आवडत नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं आणि त्यावरून मी कधी रात्र जागून काढलेली नाही.

निघताना गिटारवाल्यानं गायकाला विचारलं, "ते गाणं नेऊ?"

"तुझं वालं ने. माझं इथंच राहू दे. शब्दांखाली नाव टाक म्हंजे झालं."

त्यानं नाव टाकलं. आजतागायत टाकतो. इकडं गायक शाळेत लागला आणि आम्ही तिघं दर रविवारी त्याच शाळेच्या हॉलमध्ये वाजवत राहिलो.

पुण्यात गिटारवाल्यानं नवी माणसं जमवून बँड काढला आणि स्वतःच गाऊ लागला. दोन वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. मग कुठल्याशा कार्यक्रमात कुणी फोनवर काढलेला व्हिडिओ फिरला: स्टेजवरून "आला का?" आणि अंधारातून शेकडो गळ्यांचं "नाय!" तेव्हा राज्यभर पाण्याचीच बोंब होती. आमदारांच्या सभेत पोरं तेच ओरडू लागली. क्रिकेटच्या मॅचला, लाइट गेल्यावर, नवरदेवाची गाडी उशिरा पोचल्यावर. क्रांती चौकात सिग्नल बंद पडला तेव्हा रिक्षावाल्यांनी एकमेकांना विचारलेलं मी स्वतः ऐकलं.

मी पुण्याला त्यांचा कार्यक्रम पाहायला गेले. गर्दीत मधोमध उभी राहिले, सगळ्यांबरोबर ओरडले. नंतर स्टेजमागं गिटारवाला घामानं निथळत बसला होता. मी विचारलं, "कंटाळा नाही येत? रोज तेच?"

"पहिल्या ओळीपर्यंत येतो. मग समोर कुणीतरी पहिल्यांदा ऐकणारा दिसतो. मी त्याच्यासाठी वाजवतो." टॉवेलनं तोंड पुसत तो म्हणाला, "आपला गायक तर एक गाणं दोनदा सारखं म्हणत नव्हता, आठवतं?"

आठवत होतं. तर हे माझं उत्तर. दोन बँड एकाच शेडमधून निघतात, त्याच वाद्यांचे, त्याच शब्दांचे. एक ऐकणाऱ्यासाठी गाण्यात जागा ठेवतो, ती जागा रोज तितकीच स्वच्छ झाडून ठेवायची त्याची तयारी असते, आणि वाजवायला एक खोली मिळेल अशा गावी तो निघून जातो. दुसरा ऐकणाऱ्याला म्हणतो, तू गप्प बस आणि बघ. दुसऱ्यात काही कमी नसतं. पण गप्प बसलेला माणूस व्हिडिओत दिसत नाही. गिटारवाल्याचा नियम खरा होता आणि मी हरले होते, हे मी त्याला तिथंच सांगून टाकलं.

मध्यंतरी तो बँड आमच्या शहरात आला, मोठ्या मैदानावर. गिटारवाल्यानं गायकाला फोन केला, "ये, तुझं वालं म्हण. पूर्ण." मला वाटलं तो नाही म्हणेल. तो शाळा सुटल्यावर तसाच, पांढऱ्या शर्टात आला. भाई आणि मीही स्टेजवर चढलो.

मी तो एकच सूर धरला. त्यानं सुरुवात केली, "हंडे उन्हात उभे..." लोकांनी गाणं ओळखलं आणि पहिल्याच ओळीनंतर मैदान ओरडलं, "नाय!" गायक थांबला. मी सूर सोडला नाही. तो माइकजवळ वाकून शांतपणे म्हणाला, "थांबा की जरा. मी अजून विचारलंच नाय."

मैदान हसलं, आणि मग खरंच थांबलं. त्यानं एकही हंडा गाळला नाही. मागची बरीच माणसं पाव-भाजीच्या गाड्यांकडं निघून गेली, ते वरून दिसत होतं. पुढचे उभे राहिले. शेवटी त्यानं विचारलं, "आला का?" थोड्याच लोकांनी उत्तर दिलं, तेही ओरडून नाही. गिटारवाला बाजूला उभा होता, त्यानं तारेला बोट लावलं नाही. नंतर त्यानं आपलं वालं वाजवलं आणि सगळं मैदान उड्या मारू लागलं. गायकही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं चहाला बसलो. गिटारवाला गायकाला म्हणाला, "मागचे निघून गेले, पाहिलंस?"

"व्हय. पाव-भाजी लई भारी होती म्हणत्यात."

भाईला ठसका लागला. हसणं ओसरल्यावर गिटारवाल्यानं नवीन अल्बममधल्या एका गाण्यावर मी बेस वाजवीन का असं विचारलं. मी म्हटलं, रेकॉर्डिंगला येईन, दौऱ्यावर येणार नाही. त्यानं मान डोलावली. ते गाणं मी दोन दिवसांत वाजवून आले. आमचा तिघांचा रविवार शाळेच्या हॉलमध्ये चालूच आहे. सध्या उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या माणसांवर एक गाणं बसवतोय. ते टँकरच्या गाण्याहूनही लांब झालंय आणि मी त्यातला एकही सूर कापू देणार नाही.