कमळबाईंच्या पडवीत लागलेली झोप

मी येसाजी, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. माझा आवाज एवढा मोठा की खलाशी म्हणायचे, आपल्या होडीला भोंगा नको. पण त्रेपन्न सालच्या वादळात होडी उलटली. माणसं सगळी वाचली, माझी हिंमत तेवढी बुडाली. होडीत पाय ठेवला की हात कापायचे, डोळा मिटला की नाकातोंडात पाणी शिरायचं, जेवणावरची वासनाही उडाली. तांडेल पाण्याला भितो हे कुठल्या तोंडानं सांगणार? कंबर धरलीय म्हणून सांगितलं आणि वाड्यात वाकून चालायला लागलो. कधी डावीकडे वाकायचो, कधी उजवीकडे. कुणी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्यात बायकोचा, नीराबाईचा, पाय मुरगळला आणि चौलला मासळी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. तिथल्या एका वाडीत कमळबाई राहत. मुंबईत गाण्याच्या मैफली करून थकलेल्या, आता एकट्याच रियाज करणाऱ्या. सकाळी पडवीत पोचलो, तर आतून एकच खालचा सूर लांबच लांब ऐकू येत होता. मला वाटलं, म्हैस अडली. धावत आत डोकावलो, तर बाई तंबोरा घेऊन बसलेल्या! गुपचूप मागं आलो आणि खांबाला टेकलो.

जाग आली तेव्हा बाई समोर उभ्या.

"घोरता ते घोरता, तेही बेसूर!"

"चुकलो, बाई. लय दिसांनी डोळा लागला."

"का? झोप येत नाही?"

बायकोलाही न सांगितलेलं सगळं त्यांना सांगून बसलो. त्या हसल्या नाहीत.

"उद्या या. मासळी नसली तरी या."

रोज जायला लागलो. नीराबाईला संशय आला. लंगडत मागोमाग आली आणि मला पडवीत तोंड उघडं टाकून झोपलेला पाहून म्हणाली, "झोपायला एवढ्या लांब येतोस व्हय?" मग तिलाही खरं सांगावं लागलं. "मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "कंबर रोज बाजू बदलत न्हाय."

थोडं बरं वाटायला लागलं, तसा मी वैद्यच झालो. मेहुणीच्या दाढदुखीवर गाणं सांगितलं, माझ्या होडीवरच्या खलाशी काळूरामच्या न दुभणाऱ्या शेळीवरही. मेहुणीनं दाढ उपटून घेतली. शेळीनं मला शिंग मारलं.

शेवटी होडी काढली. खाडीच्या तोंडाशी लाट उठली आणि हात कापायला लागले. काही सुचेना, म्हणून बाईंसारखा खालचा सूर लावला. काळूराम ओरडला, "बाजूला व्हा रे, तांडेल ओकतोय!" पण श्वास लांबला, छातीतली धडधड उतरली. हात कापतच होते, तरी सुकाणू सुटलं नाही.

मासळी बेताचीच मिळाली. किनाऱ्याला लागलो आणि तडक चौलला गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा अख्खं गाणं जागेपणी ऐकलं. त्यातला राग कोणता होता ते मला कळलं नाही, आजही कळत नाही.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"भूक लागली," मी म्हणालो.

त्यांनी तंबोरा खाली ठेवला आणि पान वाढायला घेतलं.